रॉन्डाउटचं जुनं दीपगृह नेमकं कधी नाहीसं झालं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझा समज चुकला असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्हाला एक जुनं पोस्टकार्ड मिळालं. त्यावर अमेरिकेतल्या हडसन नदीच्या पाण्यात, गोल दगडी चौथऱ्यावर उभं असलेलं एक दगडी घर आहे, घराच्या कोपऱ्याला चौकोनी मनोरा आणि खाली ‘रॉन्डाउट लाइट, किंग्स्टन’ असं छापलेलं. आजचे फोटो पाहिले तर त्याच नावाचं दीपगृह पिवळसर विटांचं दिसतं. बांधणीचं साल शोधायला गेलात तर १८३८, १८६७ आणि १९१५ अशी तीन सालं मिळाली. तुम्ही विचारता आहात की हे एकच घर बदलत गेलं का, आणि तसं नसेल तर जुनं दीपगृह कधी आणि कशामुळे नाहीसं झालं.

थोडक्यात उत्तर: तिन्ही सालं बरोबर आहेत आणि ती तीन वेगवेगळ्या इमारतींची आहेत. तुमच्या कार्डावरची बहुतेक दुसरी, १८६७ ची. तिसरं घर उभं राहिल्यावर १९१५ मध्ये तिचं काम संपलं, पण ती पाडली गेली १९५० च्या दशकात. म्हणजे ‘कधी नाहीसं झालं’ या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि त्यांच्यामध्ये जवळपास चार दशकं आहेत. तुम्हाला यातलं कोणतं हवं आहे, त्यावर पुढचा शोध कुठे घ्यायचा हे ठरतं.

मी आयुष्यभर जलमार्गांच्या मोजणीत काम केलं. जुने नकाशे नव्यांवर ठेवून नदी कुठे सरकली, उथळ जागा कुठे वाढली, हे पाहणं हा रोजचा उद्योग. सुरुवातीला मीही दीपगृहाकडे इमारत म्हणूनच बघायचो. एकदा एका अहवालात मी एका दिव्याचं साल चुकीचं लिहिलं. यादीतलं साल पुनर्बांधणीचं होतं आणि मी ते स्थापनेचं धरलं. नकाशावरची उथळ जागा त्या सालाशी जुळेना, म्हणून चूक पकडली गेली. तेव्हापासून मी एक भेद कटाक्षाने पाळतो. ‘दिवा’ वेगळा आणि ‘घर’ वेगळं. खलाशाला घराशी देणंघेणं नसतं, त्याला अमुक ठिकाणी, अमुक उंचीवर, अमुक प्रकारचा दिवा हवा असतो. त्यामुळे सरकारी नोंदीत दिवा एकच राहतो, नावही तेच राहतं आणि त्याच्या खालची इमारत बदलत जाते. रॉन्डाउटला नेमकं हेच झालं. दिव्याचा इतिहास १८३८ पासून सलग आहे, तुटला आहे तो इमारतीचा.

आता तो दिवा तिथे हवा कशाला होता, ते बघू. कारण तो का गेला याचं उत्तरही त्यातच आहे.

न्यूयॉर्क शहरापासून नदीने वर साधारण १४५ किलोमीटरवर रॉन्डाउट नावाची खाडीसारखी उपनदी हडसनला मिळते. १८२८ मध्ये डेलावेअर अँड हडसन कालवा सुरू झाला आणि पेनसिल्व्हेनियातल्या होन्सडेलकडचा अँथ्रासाइट कोळसा १०८ मैलांचा कालवा पार करून या मुखाशी येऊ लागला. इथून तो बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालनौकांत भरून, त्यांना ओढणाऱ्या टगबोटींच्या मागे न्यूयॉर्कला जाई. पुढे त्यात रोझेंडेलचं सिमेंट आलं, निळसर फरशीचा दगड आला, हिवाळ्यात नदीतून आणि तळ्यांतून कापलेला बर्फ आला. प्रवासी आगबोटी होत्याच. ‘मेरी पॉवेल’ ही हडसनवरची सगळ्यात लाडकी बोट रॉन्डाउटचीच. रॉन्डाउट गावच या वाहतुकीवर वाढलं आणि १८७२ मध्ये ते किंग्स्टन शहरात सामील झालं.

इतक्या रहदारीच्या या मुखाशी पाणी मात्र फसवं. उपनदी गाळ आणून मुखाशी पसरते, त्यामुळे दोन्ही अंगांना उथळ सपाटी. शिवाय हडसन इथे नावालाच नदी आहे. समुद्राची भरती-ओहोटी थेट वरच्या अंगाच्या ट्रॉय शहरापर्यंत चढते आणि किंग्स्टनला पाणी दिवसातून दोनदा साधारण चार फूट वर-खाली होतं. इथल्या मूळ रहिवाशांनी, मोहिकन लोकांनी, या नदीला दिलेल्या नावाचा अर्थच दोन्ही दिशांना वाहणारं पाणी असा आहे. भरतीला जिथून बार्ज निघून जाईल, तिथेच ओहोटीला ती रुतेल. रात्री टगचा कप्तान मागे बार्जची लांब रांग घेऊन वळण घेतो तेव्हा त्याला ‘वळायचं कुठे’ हे एकच कळायला हवं असतं. दिवा त्यासाठी होता.

पहिलं घर, १८३८ चं, लाकडी होतं. त्या काळात अमेरिकेतल्या दीपगृहांचा कारभार अर्थखात्यातल्या स्टीफन प्लेझन्टन या हिशेबतपासनिसाकडे होता. १८२० ते १८५२ अशी बत्तीस वर्षं. काटकसर हा त्याचा धर्म. कंत्राट कमीत कमी बोलीवाल्याला जाई आणि बांधकामही तसंच होई. फ्रान्समध्ये फ्रेनेल भिंगं, म्हणजे दिव्याचा उजेड एका झोतात गोळा करणारी भिंगं, १८२० च्या दशकातच लागली होती, पण अमेरिकेत ती सर्रास लागायला १८५२ मध्ये दीपगृह मंडळ स्थापन व्हावं लागलं. नदीवरची पहिल्या पिढीतली घरं एका पिढीतच का बदलावी लागली, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. उरलेलं उत्तर बर्फाचं. हडसन हिवाळ्यात गोठते आणि वसंतात तो बर्फ फुटून खाली येतो तेव्हा त्याच्यापुढे हलक्या पायाचा निभाव लागत नाही. रॉन्डाउटच्या वर स्टायव्हेसंट इथे १८२९ मध्ये बांधलेलं दीपगृह १८३२ मध्ये बर्फाच्या लोंढ्याने पाडलं आणि त्यात रखवालदाराच्या घरातली माणसं गेली. तीन वर्षांत घर आणि माणसं दोन्ही. हे ध्यानात ठेवलं की पुढच्या पिढीतल्या घरांचे चौथरे एवढे भारी का, हे कुणी सांगावं लागत नाही.

गृहयुद्ध संपल्यावर मंडळाने हडसनवरची अनेक दीपगृहं नव्याने बांधली. रॉन्डाउट १८६७, सॉगर्टीझ १८६९, इसोपस मेडोज १८७१, हडसन-अथेन्स १८७४. यांतली शेवटची तिन्ही आजही उभी आहेत. म्हणूनच तुमच्या कार्डाची ओळख पक्की करताना ती ताडून घ्या, कारण कार्डं छापणारे नावांची अदलाबदल करत असत. सॉगर्टीझ लाल विटांचं आहे. इसोपस मेडोज लाकडी फळ्यांचं, पांढरं. हडसन-अथेन्सही लाल विटांचंच, पण छप्पर मॅन्सार्ड पद्धतीचं, म्हणजे खालचा उतार जवळजवळ उभा असलेलं, आणि दगडी चौथरा एका बाजूला नावेच्या नाळीसारखा टोकदार, बर्फ दुभंगून जावा म्हणून. तुम्ही सांगता तसा चौथरा पूर्ण गोल असेल आणि भिंती दगडी असतील तर ते रॉन्डाउटचं दुसरं घर. ‘दगडी’ ठरवताना रंगावर मात्र जाऊ नका. त्या काळातली रंगीत कार्डं काळ्यापांढऱ्या फोटोवर छापखान्यात रंग चढवून होत आणि पहिल्या महायुद्धाआधी त्यांतली पुष्कळ जर्मनीत छापून येत. रंग देणाऱ्याने ते घर कधी पाहिलेलंही नसे. भिंतीवरच्या चिऱ्यांच्या रेघा बघा, त्या फोटोतून आलेल्या असतात.

आणि कार्ड उलटून पाहा. अमेरिकेत १ मार्च १९०७ पासून कार्डाच्या मागच्या बाजूला उभी रेघ मारून डावीकडे मजकूर लिहायची मुभा मिळाली. त्याआधी मागे फक्त पत्ता. त्यामुळे मागे रेघ नसेल तर कार्ड १९०७ किंवा त्याआधीचं धरायला हरकत नाही. ‘प्रायव्हेट मेलिंग कार्ड’ असं छापलं असेल तर ते १८९८ ते १९०१ मधलं. रेघ असेल तर फक्त छपाई १९०७ नंतरची एवढंच कळतं, फोटो त्याहून बराच जुना असू शकतो. जुना ठसा विकला जातोय तोवर प्रकाशक नवा फोटो काढायला जात नसे. दीपगृह बंद झाल्यावरही त्याची कार्डं खपत राहत. हा धागा मी मुद्दाम लांबवला, कारण तुमच्या हातात असलेला पुरावा तोच आहे आणि त्यावरून एक फार मोठी गोष्ट कळू शकते. मागे रेघ नसेल तर त्या चित्रातल्या घरात, फोटो काढला त्या दिवशी, बहुधा कॅथरीन मर्डॉक राहत होती.

जॉर्ज मर्डॉकला रॉन्डाउटचं रखवालदारपण मिळालं तेव्हा पहिलं, लाकडी घर होतं. थोड्याच दिवसांत, १८५७ मध्ये, तो नदीत बुडून मेला. त्या रात्रीही दिवा लागायचाच होता. कॅथरीनने तो लावला, मग तिच्याच नावे नेमणूक झाली आणि १९०७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं, दिवा तिच्या हाती राहिला. पहिली दहा वर्षं जुन्या घरात, पुढची चाळीस तुमच्या कार्डावरच्या घरात. डिसेंबर १८७८ मध्ये वर एडीव्हिल इथला बांध फुटला, तेव्हा त्या पुरात घरं, गोठे, बोटी तिच्या खिडकीसमोरून वाहत गेल्या. किनाऱ्यावर निघून ये असं लोकांनी सांगूनही ती दिव्यापाशी थांबली. मागोमाग रखवालदार झाला तिचा मुलगा जेम्स. पहिल्या इमारतीच्या अखेरच्या वर्षांपासून तिसरीपर्यंतचा सगळा काळ एका घरातल्या माणसांनी सांभाळला. म्हणून मी म्हणतो, दिवा सलग आहे.

हे काम रोज कसं असे, त्याचा एक तुकडा डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळी दिवा लावायचा. पण लावण्याआधी वातीचा जळका काठ सारखा कापायचा, कारण एक कोपरा जरी वर राहिला तरी ज्योत तिथून धुरकटते आणि काचेवर काजळी धरते. काजळी धरली की भिंगातून जाणारा उजेड अर्धा होतो. तेल आधी व्हेलचं, मग डुकराच्या चरबीचं, आणि १८७० च्या दशकानंतर हळूहळू रॉकेल. चरबीचं तेल थंडीत थिजतं, म्हणून कडक हिवाळ्यात ते आधी शेगडीवर गरम करून दिव्यात घालायचं. सकाळी भिंग पुसायचं, पितळ घासायचं, आणि १८७२ पासून रखवालदारांना सक्तीची झालेली रोजनिशी लिहायची. या रोजनिश्या मी वाचल्या आहेत. वारा कुठला, धुकं किती, बर्फ कधी धरला, तेल किती आलं. आठवडेच्या आठवडे असेच. आणि मधेच एका ओळीत कुणी बुडाल्याची नोंद, त्याच शाईत, त्याच अक्षरात. मला ती पानं भराभर उलटता येत नाहीत.

आता मूळ प्रश्न. इतकं भारी, दगडी, माणसाने जीव लावलेलं घर बंद का केलं? पडलं नव्हतं, बर्फाने हललं नव्हतं, पाया खचला नव्हता.

कारण वाट बदलली. १८८० च्या सुमारास उपनदीच्या मुखाशी लांब बंधारे घालून प्रवाह आवळला. तर्क असा की पाणी अरुंद जागेतून गेलं की वेगाने जातं आणि गाळ स्वतःच पुढे ढकलतं, त्यामुळे मुखाशी खोली टिकते. तर्क बरोबर होता. पण त्यामुळे आत शिरायचं दार हललं. पूर्वी दीपगृह ज्या वळणाचं टोक दाखवत होतं, ते वळण आता नव्हतं. आता बंधाऱ्यांच्या टोकांमधून आत जायचं होतं आणि मोठा दिवा बाजूला. रात्री त्या ओळखीच्या दिव्यावर नेम धरून येणाऱ्याच्या वाटेत पाण्याच्या जेमतेम वर असलेली बंधाऱ्याची भिंत होती. माझ्या कामात मी हे वारंवार पाहिलं आहे. नुसता अंधार असेल तर कप्तान सावध असतो, पण विश्वासाचा दिवा चुकीच्या जागी असेल तर तो बेसावध राहतो. उपाय एकच, दिवा बंधाऱ्याच्या टोकाला न्यायचा. १९१५ मध्ये उत्तरेकडच्या बंधाऱ्याच्या टोकाशी तिसरं, विटांचं घर उभं राहिलं. त्यालाही कोपऱ्यात मनोरा आहे. म्हणूनच दुरून बघताना हे त्याच घराचं बदललेलं रूप वाटतं, आणि तुमचा गोंधळ अगदी स्वाभाविक आहे.

नाहीशा झालेल्या नदी-दीपगृहांबद्दल लोक ‘पुराने नेलं’ असं सहज धरून चालतात. कधी ते खरं असतं, स्टायव्हेसंट तसंच गेलं. कधी पाया दगा देतो. नदीत खाली रॉकलँड लेकजवळ १८९४ मध्ये ऑयस्टरच्या थराच्या जागी बांधलेलं लोखंडी दीपगृह थोड्याच वर्षांत कलायला लागलं आणि १९२३ मध्ये त्याच्या जागी सांगाड्याचा मनोरा आला. रॉन्डाउटचं तिसऱ्या प्रकारातलं. घर धडधाकट होतं, पण नदीच्या वाहतुकीची जागा माणसानेच बदलली आणि ते निरुपयोगी झालं. कारण कुठलं, यावर पुरावा कुठे मिळेल हे ठरतं. पुराने गेलं असेल तर वर्तमानपत्रं बघायची. पाया खचला असेल तर अभियंत्यांचे अहवाल. वाट बदलली असेल तर नकाशे, कारण अशा घराच्या जाण्याची बातमी कुठे येतच नाही.

म्हणून तुम्ही शोध असा घ्या. आधी दीपयाद्या. जलवाहतुकीसाठी सरकार नियमित छापत असलेल्या या याद्यांत प्रत्येक दिव्याची जागा, रंग, उंची असते, आणि जुन्या याद्यांत बांधणीचं व पुनर्बांधणीचं सालही. १९१५ च्या अलीकडची आणि पलीकडची यादी शेजारी ठेवा, नाव तेच आणि वर्णन बदललेलं दिसेल. मग त्याच दोन काळांतले नदीचे नकाशे. जुन्या घराच्या जागी दिव्याची खूण जाऊन काय उरलं ते पाहा. पाण्यात इमारत राहिली तर ती अडथळा असते आणि नकाशा अडथळा विसरत नाही. त्यानंतर दीपगृह मंडळाचे वार्षिक अहवाल, पैसा कधी मागितला आणि का, ते तिथे लिहिलेलं असतं. मागणीतलं ‘का’ सोन्यासारखं असतं, कारण काँग्रेसकडून पैसे मिळवायला अडचण नेमकी सांगावी लागे. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हा सगळा दीपगृहांचा दप्तरसंच २६ क्रमांकाखाली ठेवला आहे, रखवालदारांच्या रोजनिश्यांसह. हे सगळं तिथे जाऊन बघणं शक्य नसेल तर किंग्स्टनच्या धक्क्यावरच्या हडसन रिव्हर मॅरिटाइम म्युझियमला लिहा आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा.

‘कधी पाडलं’ याचा माग मात्र याद्यांतून लागणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. दिवा १९१५ मध्ये नव्या घरात गेला तेव्हाच जुनं घर यादीतून उतरलं. त्यानंतर ते रिकामं, खलाशांच्या दृष्टीने नुसता दगडांचा ढीग. १९३९ मध्ये दीपगृहांचा कारभार तटरक्षक दलाकडे गेला. पुढे नदीवरचे दिवे स्वयंचलित होत गेले, आणि जिथे माणूसच नको तिथे घरं सांभाळायचा खर्च कोण करणार? १९५० च्या दशकात रॉन्डाउटचं जुनं घर पाडलं गेलं. सॉगर्टीझचं घरही नंतर अगदी त्याच वाटेवर होतं, पण गावकऱ्यांनी संस्था काढून ते विकत घेतलं, दुरुस्त केलं आणि १९९० मध्ये दिवा पुन्हा लावला. रॉन्डाउटच्या जुन्या घराचं दुर्दैव असं की ते त्याआधीच्या पिढीत मोडकळीला आलं, जेव्हा अशा घरांकडे वारसा म्हणून कोणी बघत नव्हतं. शिवाय शेजारी नवं दीपगृह उभं असताना जुन्यासाठी कोण भांडणार? मला हे अजून लागतं.

पण तुम्ही ‘पूर्ण नाहीसं’ लिहिलंत, ते तेवढं खरं नाही. मी किंग्स्टनला गेलो तेव्हा मुद्दाम ओहोटीची वेळ बघून बोटीने बाहेर पडलो. विटांच्या दीपगृहाकडे सगळे कॅमेरे लागले होते. त्याच्यापासून थोडं दूर पाण्यातून एक गोल वर येत होता. चिरे एकमेकांत घट्ट बसलेले, वर गवत आणि झुडपं. पाणी उतरत होतं तसा एक एक ओला थर उघडा पडत गेला. तोच तुमच्या कार्डावरचा चौथरा. पाडणाऱ्यांनी घर नेलं, पण बर्फासाठी बांधलेला पाया उचलणं त्यांना परवडलं नसावं.

कार्डाची मागची बाजू पाहून कळवा. रेघ आहे की नाही, आणि तिकिटावर शिक्का असेल तर त्यावरचं साल. तेवढ्यावरून बरंच पुढे जाता येईल.